बाईंनी न छापलेली बातमी

वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या त्या संघटनेत बाईंना सगळे वचकून असत. तसं पाहिलं तर त्या कार्यालयातल्या एकुलत्या एक पगारी कर्मचारी. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सभासदांच्या नोंदींची कपाटं, कुरकुरणारा पंखा आणि खिडकीशी बाईंचं टेबल, एवढाच तो कारभार. पण दर दोन महिन्यांनी निघणारं वार्तापत्र त्याच टेबलावर जुळवलं जायचं, आणि त्यातल्या ‘बातम्या आणि उपक्रम’ या पानांवर बाईंचं राज्य होतं.

आधी त्या एका शाळेत कारकून होत्या. शाळा बंद पडली तेव्हा वय एकोणपन्नास, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, लेक कॉलेजात. इथे आल्या आणि चिकटल्या त्या चिकटल्याच. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

डॉक्टर मंडळी बातम्या पाठवायची त्या साखरेत घोळून. ‘स्मृतिभ्रंशावरील शिबिरास भरघोस प्रतिसाद’ असं आलं की बाई फोन उचलायच्या. “डॉक्टर, डोकी किती होती?” पलीकडून आधी खाकरणं, मग आकडा. अकरा. “त्यात आपले किती?” सात. मग वार्तापत्रात छापून यायचं, ‘शिबिरास चार नागरिक उपस्थित होते.’ ज्याच्याबद्दल बातमी, त्याला विचारल्याशिवाय ती छापायची नाही, हा बाईंचा शिरस्ता. पडण्याचे धोके टाळण्यावर बोलताना एक नामवंत डॉक्टर व्यासपीठाच्या पायरीवरून पडले होते, तेही त्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच छापलं. डॉक्टर आधी चिडले, मग हसले, आणि पुढच्या खेपेला पायरीला कठडा आला.

एके दिवशी नव्या चिटणीसांची मेल आली. चिटणीस म्हणजे तिशीतला हुशार डॉक्टर, सतत घाईत. मेलमध्ये अध्यक्षांचा लेख होता, ‘वय बघून माणसाला जोखू नका’ या विषयावर, आणि खाली सात बातम्या. सहा टाइप झाल्या. सातवी अशी होती: ‘गेली एकोणीस वर्षे संघटनेची सेवा करणाऱ्या आपल्या कार्यालयीन बाई वयोमानानुसार काम झेपत नसल्याने स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. त्यांना निरोगी आयुष्य लाभो.’

बाईंनी ती दोनदा वाचली. चिटणीसांनी घाईघाईत सगळं एकगठ्ठा पाठवून दिलं होतं. टाइप कोण करणार, याचा विचार त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढून टाकतायत याचं दुःख होतंच, ते त्या नाकारत नव्हत्या. पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना.

घरी लेकीने समजूत घातली. “आई, जाऊ दे ना. अडुसष्ट पूर्ण झाली तुला. मानाने निरोप देतायत.”

“मान? मी न बोललेलं माझ्या तोंडी घालतायत, याला मान म्हणतेस तू?”

“मग काय करणार आहेस?”

“चौकशी,” बाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

छपाईआधी कार्यकारिणीसमोर सगळा मजकूर मोठ्याने वाचायचा, ही इथली जुनी पद्धत. कारण तपासायला मुद्रितं दिली तर एकही डॉक्टर ती वाचत नसे. शनिवारी सात डॉक्टर टेबलाभोवती बसले. बाईंनी अध्यक्षांचा लेख खणखणीत आवाजात वाचला. अध्यक्षांनी मान डोलावली. सहा बातम्या झाल्या. मग बाईंनी सातवी वाचली, एकही शब्द न गाळता. चिटणीसांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“या बातमीची नेहमीप्रमाणे चौकशी केली,” बाई म्हणाल्या. “संबंधित व्यक्ती म्हणते, काम झेपतंय. आणि तिने कुणाकडे काही मागितलेलं नाही. म्हणजे बातमी खोटी आहे.”

अध्यक्ष बोलले. ते स्वतः त्र्याहत्तर वर्षांचे. “बाई, तुमच्या भल्यासाठीच हो. आम्हाला वाटलं, तुम्ही दमत असाल.”

“वाटलं. विचारलं नाहीत. पेशंटच्या बाबतीतही असंच करता का?”

“करतो कधीकधी,” खजिनदार पुटपुटल्या. त्या सगळ्यांत म्हाताऱ्या डॉक्टर. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

“अहो, पण कधीतरी थांबावं लागतंच ना,” चिटणीस म्हणाले.

“लागतं. ज्या दिवशी माझ्याकडून चूक होईल, त्या दिवशी चूक दाखवा, मी खुर्ची सोडते. पण चूक न दाखवता घालवायचं असेल, तर तसं लिहा.” बाईंनी फाईलमधून एक टाइप केलेला कागद काढला. “मी लिहूनच आणलंय. ‘आमच्या कार्यालयीन बाईंचं वय झालं म्हणून, त्यांना न विचारता, आम्ही त्यांना काढून टाकत आहोत.’ यात एक शब्द खोटा नाही. खाली सात सह्यांची जागा आहे. सह्या करा, मी पहिल्या पानावर छापते, आणि सोमवारपासून येत नाही.”

खरोखर सह्या झाल्या असत्या तर सोमवारी सकाळी कुठे जायचं, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी कागद घेतला, चष्मा चढवला, वाचला आणि शेजारच्याकडे सरकवला. शेजारच्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, कागद पुढे. खजिनदारांनी तर त्याला हातही लावला नाही, नखाने ढकलला. चिटणीसांकडे तो सगळ्यात जास्त वेळ राहिला. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पंख्याकडे बघत होते.

टेबलाला पुरी फेरी मारून कागद बाईंसमोर परत आला. खालच्या सातही ओळी मोकळ्या होत्या.

बाईंनी तो उलटसुलट करून नीट पाहिला.

“मग ही बातमी नाही,” त्या म्हणाल्या. “पान सातवर जागा रिकामी राहते. कुणाकडे काही खरं घडलेलं असेल तर सांगा.”