पायरीची उंची

जुनी गाडी बघायला निघताना ह्यांचं पाकीट घरी राहायचं, चष्मा राहायचा, पण खिशातला टेप कधी राहिला नाही. माझे पती तुर्भ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आधी मोजायचं, मग हात लावायचा, एवढा एकच धर्म त्यांनी मनापासून पाळला. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत फायली सरकवणारी बाई. मोजायचं काम त्यांचं आणि भांडायचं माझं, अशी आमची वाटणी होती.

आम्हाला मोठी व्हॅन हवी होती, नवी परवडणारी नव्हती म्हणून वापरलेली. मागे दोन सायकली उभ्या राहतील आणि पुढे दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी. पन्नाशीनंतर आम्हाला सायकलचं खूळ लागलं होतं. रोज सकाळी सीवूड्सहून खाडीच्या कडेने निघायचं, सारसोळ्याच्या जेट्टीवर चहा प्यायचा आणि परत. पण ह्यांच्या डोक्यात दिवेआगर होतं. निवृत्त झालं की तिथे जायचं, सुरूच्या बनात गाडी लावायची, गाडीतच झोपायचं आणि उठल्या उठल्या ओल्या वाळूवरून सायकल हाणायची. लॉज नको, कुणाचं घर नको. "एकदा तरी," म्हणायचे. ट्रकच्या रांगांमधून तिथवर सायकलने जायला मी ठाम नकार दिला होता, म्हणून ही व्हॅन.

चार रविवार आम्ही कळंबोलीला जुन्या गाड्यांच्या आवारात घालवले. पहिल्या गाडीच्या तळाला भोक होतं, त्यातून जमीन दिसत होती. दुसऱ्या गाडीने मासळी वाहिलेली. मला मासळीचा वास चालतो, पण त्या बंद डब्यात डोळ्यांना पाणी आलं. आवाराचा मालक पान चघळत मागे मागे फिरायचा. "काकी, इंजिन एकदम मख्खन हाय," हे त्याने प्रत्येक गाडीबद्दल सांगितलं, एका गाडीत इंजिनच नव्हतं तिच्याबद्दलसुद्धा.

तिसऱ्या रविवारी त्याने एक पांढरी गाडी दाखवली. बाजूची अक्षरं खरवडून काढलेली होती, पण उन्हात त्यांची सावली दिसत होती. रुग्णवाहिका. आत स्ट्रेचर सरकवायच्या दोन पट्ट्या तळाला तशाच होत्या, छताला सलाईनचे हूक. सायकली बांधायला त्याहून चांगली सोय आम्हाला विकत घेऊनही मिळाली नसती. आणि पायरी अगदी खाली, वीतभर उंच, शिवाय घडी घालून ठेवलेला लोखंडी उतार.

ह्यांनी टेप आधी पायरीला लावला. सायकलींची मापं नंतर घेतली. मग ते उगीचच दोन-तीनदा चढले-उतरले.

"पायरी बरी आहे गं हिची," ते म्हणाले.

आता माझं सांगते. माझे वडील मराठवाड्यातून आलेले, पक्के बुद्धिवादी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातून नवस, दृष्ट, शकुन-अपशकुन सगळं झाडून बाहेर काढलं. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेने जायचे आणि आम्हा भावंडांनाही न्यायचे. मी त्यांची मुलगी. शेजारणींच्या लिंबू-मिरच्यांना मी आयुष्यभर हसले. आणि त्या गाडीत उभी असताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या जागी आम्ही झोपणार, त्या जागी माणसं मेली असतील, हिला घरी न्यायची नाही, एवढंच मनात आलं. पण हे तोंडाने म्हणायचं कसं? वडिलांच्या मुलीला ते शोभलं नसतं. मग मी दुसरंच कारण काढलं.

"खालचा पत्रा सडलाय हिचा," मी म्हणाले.

हे खाली वाकले. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहिला, इथे, तिथे, पार मागे. आवाज खणखणीत येत होता. लोखंडात आयुष्य घालवलेल्या माणसाला मी पत्रा शिकवत होते. ते उठले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळला. मला वाटलं, आता हे वाद घालणार. मी तयारीत होते. पण ते म्हणाले, "बरं. नको तर नको."

पुढच्या रविवारी आम्ही बेकरीची गाडी घेतली. उंच, लांब, कोरडी ठणठणीत, आणि आत शिरलं की पावाचा गोड वास. सायकली हँडलसकट सरळ उभ्या राहत होत्या. पुढून काय नि मागून काय, चढायला पाय गुडघ्याच्या वर न्यावा लागायचा. मी एका ढांगेत वर गेले. "बघा, सायकलवाल्यांची गाडी!" मी वरून म्हणाले. हे हसले आणि दाराची कडी धरून, अंमळ वेळ घेऊन चढले. त्या गाडीची सगळी मापं आजही ह्यांच्या वहीत आहेत. हँडलची रुंदी, दोन चाकांमधलं अंतर, गादीची लांबी. पायरीचं माप नाही.

कागद आमच्या नावावर होईपर्यंत पावसाळा लागला. सुताराने पलंग केला, तेवढ्यात ह्यांनी सायकल बंद केली. म्हणाले, चेनला गंज चढतो. मग डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. जिन्यात राहायची आणि ह्यांना घरात आल्यावर कळायचं. "चप्पल सांभाळता येत नाही, गाडी काय सांभाळणार!" मी म्हणाले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. मला तो विनोद वाटत होता.

डिसेंबरात आम्ही निघालो. सायकली चढवल्या, स्टोव्ह, पातेली, दोन उशा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ह्यांनी उजवा पाय वर ठेवला, आणि डावा जमिनीवरून सुटेचना. मी मागून ढकललं. खरं तर जोरात ढकललं, कारण मला उशीर होत होता आणि मी चिडले होते. कडीवरचा हात सुटला आणि ते पाठीवर पडले. वॉचमन धावत आला. "साहेब, हलू नका, हलू नका." हे छताकडे बघत पडून राहिले होते.

मी पाणी पाजत असताना ते म्हणाले, "कळंबोलीलाच पाय अडखळत होता. तुला सांगणार होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला ती गाडी नको होती ना."

डॉक्टरांनी नंतर आजाराला लांबलचक नाव दिलं. नसांचा आजार, पायातून वर चढणारा, औषध नसलेला. तेवढं समजायला मला नाव लागलं नसतं. दर महिन्याला ह्यांचं काहीतरी जात होतं, आधी पाय, मग मांड्या, मग हातातली पकड. टेपसुद्धा धरता येईना. सायकली चढवायला केलेली फळी आमच्याकडे होती, ती टायरपुरती रुंद. सुताराकडून चाकांच्या खुर्चीसाठी रुंद फळी करून घेतली. ती घरी आली तेव्हा ह्यांना बसवत नव्हतं, श्वासाला मशीन लागलं होतं. टॅक्सीने नेते, लॉज घेते, असं मी आधी कितीदा म्हटलं होतं. दर वेळी त्यांनी नकाराची मान हलवली. "गाडीतच झोपायचं होतं," म्हणाले.

रुग्णवाहिकेची पायरी वीतभर होती. तिला उतार होता, श्वासाचं मशीन लावायला जागा होती. ती घेतली असती तर डिसेंबरात आम्ही दिवेआगरला असतो, कदाचित पुढेही दोन-चारदा गेलो असतो. आजार टळला नसता, मला कळतं. पण सुरूचं बन तरी मिळालं असतं. पत्रा सडलेला नव्हता, मी घाबरले होते, हे मला त्यांना सांगायचं होतं. रोज उशाशी बसून मनात वाक्य जुळवायचे. त्यांनी मला काही न विचारता सोडून दिलं होतं आणि मी त्या सुटकेत बसून राहिले. त्यांना शेवटी दवाखान्यात न्यायला सोसायटीच्या दारात आली ती रुग्णवाहिकाच. तिच्यात मात्र मी मुकाट्याने चढले.

ते गेले. बेकरीची गाडी वर्षभर पार्किंगमध्ये उभी राहिली आणि सोसायटीची पत्रं यायला लागली. परवा ती बघायला एक तरुण जोडपं आलं. दोघंही सायकलवाले, पोटऱ्या दगडासारख्या. मुलीच्या हातात टेप. तिने हँडलची रुंदी मोजली, गादीची लांबी मोजली, नवऱ्याला आकडे सांगत गेली, तो मोबाइलमध्ये लिहीत गेला. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. शेवटी मला राहवेना.

"पायरी मोजून घ्या," मी म्हणाले.

"पायरी? कशाला काकी?" मुलगी हसली. "आमी तर उडी मारून चढतो."

आणि दोघंही एका ढांगेत आत गेले, कडीला हातसुद्धा न लावता. मुलाने मागे वळून विचारलं, "काकी, पत्रा वगैरे ठीक आहे ना खालचा?"

मी वाकले. बोटाच्या पेराने वाजवून पाहिला, इथे, तिथे, पार मागे.

"चांगला आहे," मी म्हणाले. "तोही चांगलाच होता."