सुपातले तांदूळ, तोंडातले तांदूळ

दुपारी आमच्या आळीतल्या बाया तांदूळ निवडायला बसल्या की खडे कमी आणि गोष्टी जास्त निघतात. हिर्डोशीत नांदायला आल्यापासून माझ्याकडं इतक्या साठल्यात, की सांगत बसले तर सूप तसंच राहील! यंदाच्या सगळ्या मात्र खाण्यावरूनच निघाल्या.

*

भोरहून एसटीनं नर्सबाई आल्या. माझी पापणी ओढून बघितली नि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. कच्चे तांदूळ खातेस?"

मी तोंडातले तांदूळ पटकन गिळले. मांडीवर अंगावर पिणारं लेकरू. त्याला काय झालं तर!

मग त्या सगळ्यांनाच म्हणाल्या, "जिचं तिनं तपासा. भूक नसताना खाता का? लपून खाता का? सोडू म्हटलं तरी सुटत नाही का? मग ती आवड नाही, सवय आहे."

*

सोनाबाई भाजकी माती खातात. त्या लगेच म्हणाल्या, "म्या कुठं लपून खाती? समद्यांम्होरं खाती. म्हंजे मला सवय न्हाई!"

आणि पदराची गाठ सोडून खडा तोंडात टाकला. नर्सबाईंच्या समोर!

*

पारूवहिनीला चिंचेचा नाद. तिनं पैज मारली, "आजपासून बंद!"

दोन-चार दिवसांत तिच्या घरची तांब्याची भांडी अशी लखलखली, की सासरे कौतुकानं सांगत सुटले, "सून लई गुणाची. दिवसातनं तीनदा भांडी घासती!"

घासायला चिंच लागतेच की!

*

मी निवडताना तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायला लागले. तोंड भरलेलं असलं की तांदूळ जाणार कुठनं?

सोनाबाईंनी विचारलं, "बाळ झोपलं का गं?" मी नुसती मान हलवली. काहीबाही विचारलं, तरी मान!

"अगं बया, हिची वाचा गेली!" सोनाबाईंनी हाकाटी केली. मला हसू फुटलं आणि सगळं पाणी सुपात! मग अंगणात आमचे तांदूळ वाळत पडले.

*

एवढं करून हात काही थांबेना. एक दिवस बाळानंही सुपात हात घातला आणि मूठ तोंडाकडं नेली. मी घाबरलेच. तांदळाच्या खोलीला कुलूप घातलं नि किल्ली घेऊन सासूबाईंपुढं उभी राहिले. आत्याबाई कडक. त्यांच्यापुढं घरात कुणी मोठ्यानं शिंकत नाही.

"आत्याबाई, रोजचे तांदूळ तुमीच काढून देत जावा. माझा मला भरवसा न्हाई."

त्यांनी किल्ली घेतली. कमरेला खोचली. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग किल्ली काढून माझ्याच हातात दिली.

"पारूकडं ठिवून ये. हितं भरवसा न्हाई."

"सोडीन की ओ मी, आत्याबाई!"

"तुझं कोण म्हनतंय?"