वाळवंटातली खंडेनवमी

आमच्या दादाला एका बंदुकीपायी सौदीतून घरी पाठवलं, असं मी म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. लोकांना वाटतं, त्याने कोणावर तरी गोळी झाडली. कसली गोळी आणि कसलं काय! त्याने तिला कुंकू लावलं. बास, एवढाच त्याचा गुन्हा.

तेलाच्या तेजीचे दिवस होते. रिकाम्या वाळूत आज पाइप, उद्या टाक्या, परवा धुराडी उभी राहत होती, आणि ती उभी करायला आपल्याकडची माणसं विमानं भरभरून येत होती. आमचे हे रास तनुराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनीअर. आम्हाला क्वार्टर होतं. दोन्ही मुलं इंडियन स्कूलला जायची आणि घरी येऊन माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तो आमच्यापासून तासाभरावर एका कॉन्ट्रॅक्टरच्या कॅम्पात वेल्डर होता. पत्र्याची लांबलचक खोली, ओळीने खाटा आणि एकच एसी, त्याच्यावरून रोजची भांडणं. दर शुक्रवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. मी सुरमई आणून ठेवलेली असायची. जेवून हात धुतला की त्याचा विषय एकच, वहिनी.

वहिनी चिपळूणजवळ आमच्या माहेरी, आई-आप्पांपाशी. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती, पण दोघांचा संसार झाला तो फक्त दादाच्या सुट्ट्यांत. पाळणाही हलला नव्हता. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना बायको आणता येत नसे. आणायची तर मोठ्या कंपनीत नोकरी हवी, आणि नोकरी बदलायची तर कफीलने सोडायला हवं. कफील म्हणजे ज्याच्या शब्दावर तुमचं तिथलं राहणं, खाणं आणि परत जाणं सगळं चालतं, तो मालक. "एकदा तिला इकडे आणली ना बाय, की मला काही नको," दादा म्हणायचा. प्रेशर कुकर त्याने आधीच घेऊन माझ्या माळ्यावर ठेवला होता. पडद्याचं कापड कुठल्या रंगाचं घेऊ, असं मला दहादा विचारून झालं होतं. मी चिडायची. "अरे, आधी खिडकी तर मिळू दे!" म्हणायची.

ती खिडकी मिळवून द्यायला जो माणूस झटत होता, तो ह्यांच्या शिफ्टवरचा सौदी ऑपरेटर. मुलं त्याला अम्मो म्हणत, म्हणजे काका, म्हणून आम्हीही अम्मोच म्हणायचो. उंच, हडकुळा, दाढीत दोन पांढरे पट्टे. त्याचा बाप उंटांमागे फिरलेला आणि हा गेजच्या काट्यांमागे. हिंदी आमच्या ह्यांच्याइतकीच मोडकी, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. त्याचा मामेभाऊ दुसऱ्या एका कंपनीत नोकरभरतीच्या खात्यात होता. दादाचं काम त्या भावाने बघितलं होतं, कफीलही तोंडी हो म्हणाला होता. दसऱ्यानंतर कागद होणार होते. म्हणजे घास अगदी तोंडाशी आला होता हो.

थंडी सुरू झाली की अम्मो आम्हाला वाळवंटात मुक्कामाला न्यायचा. तंबू, शेगडी, चहाची काळी किटली, एक बकरी नाहीतर कोंबड्या, आणि त्याच्या वडिलांची दुनळी बंदूक. पहिल्याच वेळी त्याने आम्हाला ओळीने बसवून शाळामास्तरासारखं बजावलं होतं, "ये मेरा बाप का है. लायसन्स मेरा नाम. तुम अजनबी लोग, हाथ नहीं लगाना. पोलीस देखेगा तो मेरा बंदूक खलास, तुम्हारा इकामा खलास." इकामा म्हणजे आमचा तिथे राहायचा परवाना. एवढं सांगून तो मुलांकडे बघून हसला, पण डोळे हसत नव्हते. नियम सरळ होता. परदेशी माणसाच्या हातात हत्यार दिसता कामा नये, मग ते भरलेलं असो की रिकामं. तो नियम आम्ही दोन-तीन मोसम पाळला. बंदूक अम्मो उचलायचा, अम्मो ठेवायचा. एकदा त्याने ससे मारून आणले आणि भातात घालून असे काही शिजवले, की आमच्या ह्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. दुसऱ्या वेळी घोरपडीसारखा एक प्राणी भाजून वाढला. तेव्हा हे तंबूमागे जाऊन बसले आणि दादाने त्यांच्याही वाटणीचं खाल्लं. अम्मो खूश! त्या दिवसापासून दादा त्याचा लाडका झाला.

आणि दादा काही अडाणी नव्हता, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे आप्पांची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी सरकारने परवाना दिलेली. रानडुकरं भातात शिरली की काय होतं, ते कोकणातल्या माणसाला विचारा. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, झाली की सोडवून आणायची. ते हेलपाटे दादाच घालायचा. हत्याराला कायदा असतो, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण खंडेनवमीला आप्पा ती बंदूक माळ्यावरून खाली काढायचे, तेल लावून पुसायचे आणि पाटावर कोयती, विळे, पहार यांच्या डोक्याशी ठेवायचे. आम्ही सगळे वाकून नमस्कार करायचो. त्या दिवशी बंदूक म्हणजे मारायची वस्तू नसे, देवाघरची असे. हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की याला कोणी गुन्हा म्हणेल हे स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली आणि मोसमातला पहिला मुक्काम नेमका गुरुवार-शुक्रवार ठरला. तिथे आपली पूजाअर्चा उघड चालत नसे, म्हणून दादा कॅम्पात दरवर्षी दार लावून आपल्या वेल्डिंगच्या होल्डरची आणि हातोडीची गुपचूप पूजा करायचा. या वेळी मोकळ्या आभाळाखाली करू म्हणून त्याने पिशवीतून हत्यारं बरोबर घेतली. मीही कुंकवाची डबी घेतली. झेंडू कुठून आणणार? जुन्या तोरणातली प्लास्टिकची फुलं काढली आणि धुऊन घेतली.

आमची गाडी आदल्या दिवशी येतानाच डांबरी रस्त्याजवळ वाळूत रुतली होती. सकाळी चहा झाल्यावर अम्मो आणि हे पिकअप घेऊन ती ओढायला निघाले. रस्त्यावर तपासणी असते, म्हणून अम्मोने बंदूक बरोबर घेतली नाही. आपल्या तंबूत अंथरुणाखाली गुंडाळून ठेवली आणि जाताना दादाला म्हणाला, "तू है ना?" म्हणजे लक्ष ठेव. इतका विश्वास.

मी पुऱ्या लाटत होते. मुलं लांब वाळूवर घसरगुंडी खेळत होती. वळून बघते तर दादाने सतरंजीवर टॉवेल पसरून त्यावर होल्डर, हातोडी, चिमटा मांडलेला, आणि सगळ्यांच्या डोक्याशी ती दुनळी! पुसून लख्ख केलेली. माझ्या हातातलं लाटणंच थांबलं.

"दादा, अरे काय करतोस? हात लावू नका म्हणून सांगितलंय ना त्याने!"

"हात कुठे लावतोय गो? नमस्कार करतोय."

"ठेव आधी ती जागेवर."

"आजच्या दिवशी घरातलं हत्यार अंथरुणाखाली ठेवायचं? त्याच्या बापाचं आहे ते. पाच मिनिटं." असं म्हणून त्याने नळीवर कुंकवाचं बोट टेकवलं, तांदूळ वाहिले आणि हात जोडून डोळे मिटले. तो काय मागत होता ते मला न विचारता कळत होतं.

तेवढ्यात जीप आली. वाळूत गाडीचा आवाज येत नाही नीट, एकदम समोरच दिसते. आतून दोघे गणवेशवाले उतरले. त्यांनी काय पाहिलं असेल? एक हिंदुस्तानी गुडघ्यावर बसलेला, पुढ्यात बंदूक, तिच्यावर लाल डाग, आणि मालकाचा पत्ता नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा उभा राहिला तो पांढराफटक. त्यांची अरबी आम्हाला समजेना, आमची हिंदी त्यांना कळेना. मी नुसती "अम्मो, अम्मो" करत रस्त्याकडे हात दाखवत राहिले. मुलं येऊन माझ्या पदराला चिकटली.

अम्मो परतला तेव्हा दादाला जीपमध्ये बसवलेलं होतं. त्याने गाडीतून उतरता उतरता सगळं पाहिलं. बंदूक, तांदूळ, प्लास्टिकचे झेंडू, दादाचा चेहरा. मग तो त्या दोघांतल्या मोठ्या अधिकाऱ्याशी बराच वेळ बोलला. ह्यांना अरबी थोडी यायची, त्यांनी नंतर सांगितलं. अधिकारी विचारत होता, ही बंदूक याने चोरून घेतली की तू दिलीस? चोरली म्हटलं असतं तर अम्मो सुटत होता आणि दादा तुरुंगात जात होता. अम्मो म्हणाला, मी दिली, साफ करायला. अधिकाऱ्याने नळीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, हे लाल काय? अम्मो म्हणाला, गंज लागू नये म्हणून त्यांच्या देशातली पूड आहे. अधिकारी त्या फुलांकडे बघत राहिला. ही पूजा आहे हे त्याने ओळखलं असणार. पण काही बोलला नाही. त्याचेही उपकारच म्हणायचे.

बंदूक त्यांनी नेली. परदेशी माणसाच्या हाती दिली म्हणून अम्मोचा परवाना रद्द झाला आणि बापाची ती एकुलती एक वस्तू परत मिळाली नाही. दादाला तुरुंग चुकला, पण कफीलला कळवलं गेलं. असली भानगड कफीलला कशाला हवी? त्याने सरळ एक्झिट मारला, आठवड्याच्या आत. म्हणजे परत जा, पुन्हा येऊ नकोस. मामेभावाने फोन घेणं बंद केलं. वहिनीचे कागद होणार होते ना दसऱ्यानंतर? झाले, कपाळ!

दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी अम्मो आमच्या घरी आला. हातात वहिनीसाठी खजुराची पेटी. दोघं समोरासमोर बसले. मग दादा एकदम त्याचे पाय धरायला वाकला. अम्मो घाबरून मागे सरकला. त्यांच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत.

"सच बोल," अम्मो म्हणाला, "वो लाल क्यों लगाया?"

दादा म्हणाला, ज्या हत्यारावर आपण जगतो, त्याचे आम्ही वर्षातून एकदा आभार मानतो.

"तेरा हत्यार वेल्डिंग है. ये बंदूक ने तेरे को क्या दिया?"

"तुमने खिलाया ना उससे," दादा म्हणाला.

अम्मोने डोक्यावरच्या गुत्र्याचं, म्हणजे रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मी आत निघून गेले, मला बघवेना. इतका भला माणूस, त्याच्या बापाची आठवण आमच्या नमस्कारापायी गेली, आणि आम्ही त्याला भरून काय दिलं? एक डबा करंज्या. पुढे त्याची बदली अल खफजीला झाली. एकदोन ईदला फोन झाले, मग तेही थांबले. तो आहे की नाही, हेही आता मला ठाऊक नाही. हे दुःख माझ्या मनातून जात नाही.

दादा घरी गेला तो मान खाली घालून. गावात कोणी विचारलं तर "काम संपलं" म्हणायचा. चिपळूणला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग धरलं. आप्पा गेल्यावर त्यांची बंदूक आपल्या नावावर करून घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याने ती ठाण्यात जमा केली आणि सोडवून आणलीच नाही. मला म्हणाला, "दुसऱ्याच्या बापाची घालवून स्वतःच्या बापाची कशी ठेवू?" मी त्याच्यावर खूप ओरडले. ऐकेल तर शपथ.

मी बरीच वर्षं वहिनीसमोर तो विषय काढायचं टाळलं. बिचारीचा संसार माझ्या डोळ्यांदेखत बुडाला, असंच वाटायचं. मूलही झालं नाही त्यांना, वेळ निघून गेली होती. एका मे महिन्यात मी माहेरी गेले होते. आम्ही दोघी पडवीत कोकमं फोडत बसलो होतो. दोघींची बोटं लाल झालेली. मी न राहवून म्हटलं, "वहिनी, त्या एका सकाळीने तुमचं सगळं घालवलं गं. तू तिकडे आली असतीस तर..."

तिने हातातलं कोकम खाली ठेवलं. "वन्सं, मला तिकडे यायचंय असं मी तुम्हाला कधी म्हटलं होतं?"

मी आठवून बघितलं. म्हटलं नव्हतं. दादाच म्हणायचा.

"ते म्हणायचे, मी हो म्हणायची. नको म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला माझ्याजवळ राहायचं नाही. मला राहायचं होतं हो. पण इथे. वर्षानुवर्षं सगळे मिळून मला न्यायच्या खटपटीत होतात. त्यांनाच परत बोलवू का, असं मला एकानेही विचारलं नाही."

मी पुढचं कोकम उचललं. मग तीच हसली, पण डोळे भरलेले होते. "तुम्ही सगळे त्या पोलिसाला शिव्या घालता. मी नाही हो घालत. मला एवढंच वाटतं, मेल्याला पहिल्याच वर्षी यायला काय धाड भरली होती?"