आईच्या कर्णफुलांचा साचा

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. लग्नानंतर त्यांनी स्वतः नक्षी काढून अमरावतीच्या सराफ्यात आईसाठी कर्णफुलं घडवून घेतली होती. मी अकोल्यात रेझिनचे दागिने करायला लागले, तेव्हा आईनंच ती काढून माझ्या हातावर ठेवली. “तुह्यासाठी एक जोड करून घे,” ती म्हणाली.

मी त्यांचा सिलिकॉनचा साचा केला आणि कर्णफुलं आईला परत दिली. माझा जोड इतका सुरेख उतरला, की निळे, हिरवे, गुलाबी असे आणखी ओतले आणि आईला न विचारता विकले.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आई अकोल्याला एका लग्नाला आली. पंगतीत समोरच्या दोघींच्या कानांत तीच फुलं होती. आईनं हळूच पदर कानांवरून ओढून घेतला. घरी आल्यावर कर्णफुलं डबीत ठेवून दिली.

“काहून काढली?” मी विचारलं.

“तुह्या बाबाइनं माह्यासाठी काढली होती ते नक्षी,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी साचा कात्रीनं कापला. तिला सांगितलं, तर उलट हळहळली. “कायले कापला? बायका मागून राहिल्या होत्या ना तुले.”

ती रागावली असती, तर मला सोपं गेलं असतं. हल्ली ती साध्या रिंगा घालते.