गाईचा निरोप आणखी कोणाला?

नोनी गिलहूलीच्या फोनवर आलेला मेसेज आधी खोटाच असतो. खरा ठरायची जबाबदारी मेसेजची. पार्सल अडकलंय असं कुणी कळवलं की ती फोन पालथा करून पावाच्या डब्यावर ठेवते. "मी काही मागवलंच नाही, तर अडकेल कसं?" दवाखान्याने तारीख कळवली, तर ही दवाखान्याला फोन करते. तिथली मुलगी म्हणते, "हो, आम्हीच पाठवलाय." त्यावर हिचं, "तू तिथलीच कशावरून?"

आमच्या घराच्या वर, लव्हाळ्यांच्या उतारावर तिचं शेत. नवरा गेल्यापासून गाई तिनेच सांभाळल्या. मागच्या वसंतात एका गाईने तिला गोठ्यात भिंतीशी दाबलं आणि मनगट मोडलं. पोस्टमन येईपर्यंत बाई तिथेच गवतात पडून होती. तेव्हा ऑस्ट्रेलियातून तिच्या मुलाने, फर्गलने, फोनवर सांगून टाकलं, "आई, आणखी एकदा असं झालं की गाई बाजारात. मी येऊन विकेन."

गाई गेल्या तर नोनी सकाळी उठून करणार काय, हे फर्गलने विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खिडकीत बसून तुझ्या घरी कोण येतंय जातंय ते बघेन." हसली नाही.

नाताळला फर्गल आला तो एक यंत्र घेऊन. गाईच्या शेपटीला बांधायचं. व्यायची वेळ झाली की गाय शेपूट सारखी हलवते. तासभर तसं चाललं की यंत्र फोनवर निरोप धाडतं. त्यासाठीचं अ‍ॅप त्याने आईच्या फोनात घातलं, त्याला चर्चच्या घंटेचा आवाज लावला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. पासवर्डाची गोष्ट नोनीला खटकली. पण यंत्राचा निरोप खरा ठरला. पहिली गाय फेब्रुवारीत व्याली, घंटेबरहुकूम.

खोटा ठरला तो फ्रान्सी.

फ्रान्सी मॅकपार्टलिन हा तिचा बांधाला बांध लागलेला शेजारी. लग्न न केलेला, साठी ओलांडलेला, कमी बोलणारा. दोन्ही घरांत पाण्याच्या चरावरून जुनी धुसफुस. शिवाय नोनीचं खालचं शेत भाड्याने द्याल का, असं त्याने नवऱ्याच्या मयताच्या वर्षातच विचारलं होतं. ते ती विसरली नव्हती. तर त्या पहिल्या गाईच्या वेळी नोनी गोठ्यात पोचते न पोचते तोच फ्रान्सी दारात उभा. "माझी बादली राहिली होती का इथे?" दुसऱ्या गाईच्या वेळी पुन्हा हजर. "कुत्रं इकडे आलं का बघायला आलो." त्याचं कुत्रं त्याच्या पायाशीच होतं.

"त्याला कळतं कसं?" नोनी माझ्या स्वयंपाकघरात चहा ढवळत बसली होती. साखर नव्हती, तरी ढवळत होती. "मला घंटा वाजते आणि तो टेकाडावरून निघतो."

"अगं, शेजारी आहे. दिवा दिसला असेल."

"भर दुपारी?"

मी किटली पुन्हा गॅसवर ठेवली.

"सांगते तुला," ती म्हणाली. "माझे निरोप त्यालाही जातात. तो बघतो आणि फर्गलला कळवतो. म्हातारीला झेपत नाही, मला हात लावावा लागला, असं. मग गाई बाजारात आणि शेत फ्रान्सीच्या घशात."

"मग फर्गललाच विचार ना."

"चोराला विचारू, चोरी केलीस का?" मग तिने माझ्याकडेही तिरकं बघितलं. "तुझं बोलणं होतं का गं फर्गलशी?"

"नाताळला हात हलवला त्याने गाडीतून."

"हं," ती म्हणाली. माझी सुटका झाली की नाही, ते त्या "हं"वरून कळलं नाही.

रविवारी मिस्साला तिला मीच गाडीने नेते. त्या रविवारी ती गाडीत बसली तीच उजवा हात कोटाच्या आत घालून. हात आत सारखा हलत होता.

"खाज सुटलीय का?"

"गाडी चालव."

चर्चमध्ये ती नेहमीच्या बाकावर न बसता बरोबर फ्रान्सीच्या मागे बसली. फादर प्रवचनाला उभे राहिले, तरी कोट हलतच होता. पुढच्या बाकावरच्या बाईने दोनदा वळून बघितलं. मी वाकून बघते तर हिच्या मुठीत शेपटीचं यंत्र.

"नोनी!"

"गप. न्याहारीपासून हलवतेय. आता निरोप येईल."

आणि आला. नोनीच्या पर्समध्ये आवाज बंद केलेला फोन थरथरला, आणि त्याच क्षणी फ्रान्सीच्या खिशात घूं झालं. त्याने फोन मांडीवर धरून वाचला. दान गोळा करायची पाळी त्याची होती. टोपली त्याच्याच हातात होती. ती त्याने शेजारच्याला दिली, वेदीच्या दिशेने गुडघा टेकला आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर. फादर एक शब्द चुकले.

नोनीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. चेहऱ्यावर असं तेज मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

मागोमाग आम्ही पोचलो तेव्हा फ्रान्सी तिच्या गोठ्यात उभा. मिस्साचा काळा सूट, खाली गमबूट, हातात वासरू ओढायचे दोर. समोर गाय निवांत रवंथ करत होती आणि तिच्या शेपटीला काहीच नव्हतं.

"काय शोधतोस, फ्रान्सी? बादली की कुत्रं?"

त्याने गाईकडे पाहिलं, नोनीच्या मुठीकडे पाहिलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "शेपूट तू हलवलीस होय?"

"माझं यंत्र, माझी मर्जी. तुझा नंबर यात आला कसा?"

"फर्गलने घातला. दुसरा नंबर म्हणून. तुला सांगू नको म्हणाला, तू उपटून टाकशील."

"टाकलाच असता! आणि तू त्याला काय काय कळवतोस?"

"तो विचारतो."

"मग?"

फ्रान्सी दोर गुंडाळत बसला. "मी सांगतो, मी बूट चढवेपर्यंत वासरू उभं होतं. तुझ्या आईला कुणाची गरज नाही."

"दुसऱ्या गाईचं वासरू तर तूच ओढलंस."

"ते त्याने विचारलं नाही."

मला वाटलं, आता नोनी विरघळेल. पण ती कसली विरघळतेय! "माझ्यासाठी खोटं का बोलतोस? तुला माझं खालचं शेत हवं म्हणून?"

"शेत तुझ्या गाई खातायत ते बरंय. गाई नसल्या की लव्हाळी वाढतात आणि माझ्या शेतात पसरतात." मग दोर खांद्यावर टाकत, "आणि त्या टेकाडावर दुसरा दिवा तुझाच आहे, बाई."

हे त्याने गाईकडे बघून म्हटलं.

फुकटची मदत आमच्याकडे कुणाला पचत नाही. दिलेल्या हाताला उलट हात द्यावाच लागतो, नाहीतर माणूस मान वर करून चालू शकत नाही. नोनीने विचारलं, "तुझ्या गाईंनाही हेच यंत्र आहे ना? त्यात दुसरा नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही. कोण आहे मला?"

"मग माझा घाल. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने चष्मा शोधला, नंबर घातला. नोनीने तो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मग माझ्याकडूनही.

मार्चच्या मध्यावर तिच्या फोनची घंटा वाजली तेव्हा ती माझ्याकडे पाव न्यायला आली होती. फ्रान्सीची गाय. फ्रान्सी कालवडी घेऊन ड्रमशॅन्बोच्या बाजाराला गेलेला. नोनीने मेसेज वाचला. "खरा कशावरून?" पुन्हा वाचला. मग पाव टेबलावर टाकून म्हणाली, "गाडी काढ."

गाय आडवी झाली होती. वासराचं नाक दिसत होतं आणि एकच पाय. दुसरा आत मागे दुमडलेला. नोनीने बाही वर केली, साबण लावला. कळ ओसरायची वाट बघून वासराला हळूच मागे ढकललं, खुराने गाईला आत जखम होऊ नये म्हणून खूर तळव्यात झाकून तो पाय पुढे आणला. मोडून जुळलेल्या मनगटाच्या हाताने. मी फक्त दोर धरला आणि सांगितलं तेव्हा ओढला. वासरू बाहेर आलं ते निळं. तिने नाकात गवताची काडी घातली, ते शिंकलं.

फ्रान्सी धापा टाकत पोचला तेव्हा गाय वासराला चाटत होती. त्याने बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. खिशातून फोन काढून त्याने फर्गलला लावला. तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये झोपायची वेळ झाली असणार.

"सगळ्यांना ऐकू येईल असा लाव," नोनी म्हणाली. "मला पाठीमागे काही नको."

"फर्गल," फ्रान्सी म्हणाला, "तुझी आई आज नसती तर माझी गाय गेली होती. वासरूही. तुझ्या आईच्या गाई विकायच्या असतील तर आधी माझ्या विक, कारण तिच्याशिवाय मलाही जमायचं नाही."

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं. मग, "आई, मनगट कसंय?"

"वासराला विचार."

"बरं," फर्गल म्हणाला. "बरं. राहू देत गाई."

"यंदा की कायमच्या?"

"आई…"

"यंदा की कायमच्या?"

"तू म्हणशील तोवर."

फोन बंद झाला. नोनीने कोपरापर्यंत माखलेले हात बादलीत घातले आणि हळू आवाजात मला म्हणाली, "बघ गं जरा, खरंच बंद झालाय ना तो?"