शेड तीनमधली तपासणी

१४ मार्च, शनिवार, दुपारी तीन. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर मी यादी करत होते. वरच्या मजल्यावरचा निखिल नोकरीनिमित्त पर्थला चालला आहे. तिथे तो रायफल क्लबचा मेंबर झाला आहे आणि परवाना काढून घरीच काडतुसं रीलोड करणार आहे, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणार आहे. इथे सिंगापूरमध्ये रिकामी पुंगळीसुद्धा घरात ठेवता येत नाही, म्हणून सामान थेट पर्थला मागवायचं होतं. मी भारतीय सैन्यात ऑर्डनन्सला होते, दारूगोळा सांभाळायचे, एवढं त्याला ठाऊक होतं.

"ताई, प्रोग्रेसिव्ह प्रेसच घेतो. हँडल ओढलं की एक गोळी तयार."

"आणि चूक झाली तर कळायच्या आत पन्नास तयार. पहिली दोन वर्षं सिंगल-स्टेज, एका वेळी एकच काम करणारा. चांगला तराजू, कॅलिपर, गॉगल आणि मॅन्युअल. मॅन्युअल आधी वाचायचं."

"अगदी माझ्या सासूबाईंसारखं बोलता."

"त्यांचं ऐकत जा."

तो हसला. म्हणाला, "गराजमध्ये जाड कार्पेट आहे. उभं राहायला बरं."

"कार्पेट काढ. कोरड्या हवेत अंगात स्टॅटिक वीज साठते, तिच्या एका ठिणगीने दारू पेटते. बेंचला अर्थिंग कर आणि रोज तपास."

"रोज? तुम्ही तपासायचात?"

मी 'हो' म्हणाले. हे उत्तर मी दुसऱ्यांदा देत होते.

पहिल्यांदा दिलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची कॅप्टन होते. मध्य भारतातला डेपो, जानेवारी, कोरडी थंडी. शेड तीनमध्ये जुनी काडतुसं उघडून दारू वेगळी करायचं काम चाले. दाराशी तांब्याची प्लेट होती. तिला हात लावून, अंगातली वीज जमिनीत उतरवून मगच आत जायचं. प्लेटची आणि बेंचची अर्थिंग वायर रोज आठ पंधराला ऑफिसरने तपासायची आणि शीटवर सही करायची. आम्ही सगळेच उद्याच्या शीटवर आज संध्याकाळी सही करून ठेवत असू. त्या दिवशी आठ वाजता कमांडंटची मीटिंग होती. मी शेडकडे फिरकलेच नाही.

नऊ चाळीसला फोन आला.

"मॅडम, शेड तीन. फ्लॅश झाला, दारू पेटली. एक माणूस आत."

"कोण?"

"हवालदार साबळे."

मी पोहोचले तेव्हा त्यांना बाहेर काढलं होतं. ते गेले होते. भिंतीमागे अर्थिंग वायर तुटलेली दिसली. तुटकं टोक हिरवं पडलेलं होतं. ते त्या सकाळचं नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कर्नलसाहेबांनी विचारलं, "अर्थिंग चेक केलं होतं, कॅप्टन?"

"येस सर. आठ पंधराला."

वायर स्फोटात तुटली असं धरलं गेलं, कारण आठ पंधराला ती शाबूत असल्याचं माझी सही सांगत होती. साबळेंनी प्लेटला हात लावला होता, असं दारावरच्या जवानाने सांगितलं. त्याचं कोणी मानलं नाही. अहवालात आलं : मृत व्यक्तीचा निष्काळजीपणा. डेपोच्या स्मृतिफलकावर त्यांचं नाव लागलं नाही. मला पुढे मेजर केलं.

निखिलला यादी दिली. तो थँक्यू म्हणून गेला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, भारतात आठ वाजता, मी साबळेंच्या गावी, जतला, त्यांच्या पत्नीला फोन लावला.

"सुमनवहिनी, मी डेपोतली तेव्हाची कॅप्टन वाघमारे. तपासणी मी केली नव्हती. कोर्टात खोटं बोलले. साबळेंची काही चूक नव्हती."

त्या म्हणाल्या, "पोराच्या लग्नात पण लोक म्हणत हुते, बाप हलगर्जीनं मेला. मॅडम, ह्ये कागदावर द्या. फोनवरचं मी कुणाला दाखवू?"

"देते."

"मग ठेवा फोन. लिहा."

मी लिहायला बसले. पहिलं वाक्य : हवालदार दत्तू साबळे यांनी त्या सकाळी प्रत्येक नियम पाळला होता.