मामा मागे का राहतात?

डोंगर भटकणाऱ्या बाईंचं लिफ्टमामांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते दवाखान्यात, मामा चालवत असलेल्या लिफ्टमध्ये. बाईंच्या पाठीवरची भलीमोठी सॅक पाहून मामांनी विचारलं होतं, "एवढं घेऊन चालता तरी कुठवर?"

निवृत्त झाल्यावर मामा बाईंच्या आग्रहावरून त्यांच्या मित्रमंडळींबरोबर महिनाभराच्या डोंगरवाटेला निघाले. पण पहिल्याच चढावर ते दर वळणाला मागे राहू लागले. मंडळी कुजबुजली, "संध्याकाळी परत धाडू या यांना."

बाईंना राहवेना. "मामा, दमलात का हो?"

"छे! सवय हो. सगळे बाहेर पडल्याशिवाय माझा पाय निघत नाही."

"मग आज पहिले तुम्ही!"

मामा जरा घुटमळले आणि जे सुटले, ते मंडळींच्या तोंडाला फेस आणूनच थांबले.

हल्ली मामा वर्षातले दोन महिने डोंगरातच असतात.